साठ फुटांचा वाटाणा

दादासाहेब फाळक्यांच्या चित्रपटांची यादी ‘राजा हरिश्चंद्र’पासून सुरू करायची आपल्याला सवय लागली आहे. 3 मे 1913, गिरगावातले कोरोनेशन सिनेमॅटोग्राफ, 3,700 फूट लांबीचा पट: हा तपशील इतक्या वेळा छापला गेला आहे की त्याच्या आधी काही असेल असे मनातच येत नाही. पण आधी काहीतरी होते. त्यात नट नव्हता, गोष्ट नव्हती, देव नव्हता. एका कुंडीत वाटाणे पेरलेले, समोर कॅमेरा रोवलेला, आणि पडद्यावर मिनिटभरात बी फुटून कोंब येतो, कोंबाचा वेल होतो. ‘अंकुराची वाढ’ या नावाने तो ओळखला जातो. भारतीय माणसाने केलेला पहिला विज्ञानपट कोणता, असे मला कुणी विचारले तर मी याचेच नाव घेईन.

आज तो कुठेही नाही. त्याचे एक चित्रसुद्धा कोणत्या संग्रहात नोंदलेले नाही. उरली आहे ती हकीकत. फाळक्यांनी 1917-18 मध्ये ‘नवयुग’ मासिकात भारतीय चित्रपटावर लेखमाला लिहिली, पुढे बापू वाटव्यांनी चरित्र लिहिले, जया दडकरांनी ‘दादासाहेब फाळके : काळ आणि कर्तृत्व’ हा मोठा अभ्यास सिद्ध केला. फाळके आणि त्यांचा काळ उभा करायला हा ऐवज भरपूर आहे. पण या मिनिटभराच्या पटाविषयी चरित्रांतून, लेखांतून फिरत राहतात त्याच दोन-तीन ओळी. त्या ओळी कॅमेऱ्याच्या, फिल्मच्या आणि वाटाण्याच्या स्वभावाशी ताडून पाहिल्या की त्यातले काही गळून पडते आणि काही पक्के होते. हरवलेला चित्रपट शोधण्याची हीसुद्धा एक रीत आहे.

आधी माणूस पाहू. धुंडिराज गोविंद फाळके 1870 साली त्र्यंबकेश्वरी जन्मले. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि नंतर बडोद्याचे कलाभवन इथे त्यांचे शिक्षण झाले. चित्रकला, छायाचित्रण, ठसे करणे, तीन रंगांची छपाई या सगळ्यात त्यांनी हात घातला. गोध्र्याला छायाचित्रांचा स्टुडिओ काढला, प्लेगमध्ये पत्नी आणि मूल गमावले, पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून नोकरी केली, ती सोडून लोणावळ्याला आणि मग दादरला छापखाना चालवला, यंत्रे आणायला 1909 मध्ये जर्मनीला जाऊन आले. चाळिशीत भागीदारांशी बिनसले आणि छापखानाही सुटला. एवढ्या वळणांत एक गोष्ट मात्र सरळ रेषेत जाते. प्रकाशाने रसायनावर उमटणारे चित्र आणि ते उमटवणारे यंत्र, यांच्यापासून हा माणूस कधी दूर गेला नाही. पुराणकथांचा दिग्दर्शक म्हणून त्यांची जी मूर्ती आपण मनात बसवली आहे, तिच्या आत एक कसबी तंत्रज्ञ बसलेला आहे.

1911 च्या सुमारास मुंबईतल्या एका चित्रगृहात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा पट पाहिला आणि आपल्याकडच्या राम-कृष्णांना असे पडद्यावर आणण्याचा ध्यास घेतला, ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. त्यानंतरचे वर्ष त्यांनी कसे काढले हे मला जास्त महत्त्वाचे वाटते. रोज चार-पाच तास चित्रपट पाहणे, उरलेल्या वेळात मिळेल ती पुस्तके, सामानाचे कॅटलॉग, आणि झोपेला जवळपास सुट्टी. डोळे इतके बिघडले की दिसेनासे झाले. डॉ. प्रभाकर या नेत्रतज्ज्ञांच्या उपचारांनी आणि चष्म्यांच्या तीन-चार जोड्यांनी ते सावरले. मग बारा हजारांची विमा पॉलिसी गहाण टाकून यशवंतराव नाडकर्ण्यांकडून दहा हजार रुपये उचलले आणि 1 फेब्रुवारी 1912 ला लंडनची बोट धरली. तिथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकाने आधी त्यांना परावृत्त करायचा प्रयत्न केला, मग हा गृहस्थ हटणार नाही हे ओळखून सेसिल हेपवर्थ या नामांकित निर्मात्याकडे नेले. वॉल्टनच्या स्टुडिओत फाळक्यांनी सगळी खाती पाहिली. सुमारे पन्नास पौंडांना विल्यमसन कॅमेरा घेतला, कोडॅकची कोरी फिल्म आणि तिला भोके पाडण्याचे यंत्र यांची मागणी नोंदवली आणि 1 एप्रिलला ते मुंबईत परत आले.

सामान मे महिन्यात दादरला पोचले. सोबत आलेल्या आराखड्यावरून फाळक्यांनी ते चार दिवसांत जुळवले. त्या काळी फिल्म कडेला भोके न पाडलेली येई. अंधाऱ्या खोलीत, हाताच्या अंदाजाने, तिला भोके पाडावी लागत. एक चूक झाली की चित्र पडद्यावर उड्या मारू लागे. हे काम फाळक्यांनी घरच्यांना शिकवले. त्यांच्या दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई भोके पाडायला शिकल्या, फिल्म धुवायला शिकल्या, रसायने कालवायला शिकल्या. शेजारची मुले-मुली कॅमेऱ्यासमोर पळवून पहिली चाचणी झाली आणि ती जमली. आता भांडवलदाराला दाखवायला काहीतरी हवे होते, तेव्हा कुंडीत वाटाणे पेरले गेले.

हकीकत सांगते की रोज एक चित्र, असे महिनाभर टिपून हा पट तयार झाला आणि तो मिनिटाहून थोडा मोठा होता. दोन्ही वाक्ये वर्षानुवर्षे शेजारी शेजारी छापली जातात. ती एकत्र नांदू शकत नाहीत. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण सोळा चित्रे जात. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटातही नेमकी सोळाच चित्रे बसतात. म्हणजे रोज एक या हिशेबाने महिन्याची तीस चित्रे झाली, तर त्यांची पट्टी दोन फुटांहून कमी भरते आणि पडद्यावर दोन सेकंदांत संपते. पाहणाऱ्याने डोळे मिचकावले तर वाटाणा उगवल्याचे कळणारच नाही. उलट मिनिटभराचा पट हवा तर साठ फूट फिल्म लागते, 960 चित्रे लागतात. महिना तीस दिवसांचा धरला तर दिवसाला बत्तीस. नैसर्गिक उजेडाचे बारा तास धरले तर दर बावीस-तेवीस मिनिटांनी एक.

दोन्हींपैकी कोणते खरे? मला मिनिट खरे वाटते. ज्यांनी तो पट पाहिला ते काळजीपूर्वक पैसे गुंतवणारे लोक होते, आणि दोन सेकंदांच्या लुकलुकीवर कर्ज मिळत नाही. ‘रोज एक’ हे सांगायला सोपे पडते, म्हणून ते तोंडोतोंडी टिकले असावे. पण मिनिट स्वीकारले की त्यासोबत पूर्ण घराचे चित्र स्वीकारावे लागते. त्या काळच्या कॅमेऱ्याचा दांडा एकदा फिरवला की आठ चित्रे उमटत. सेकंदाला दोन फेरे, झाली सोळा. एकेकटे चित्र घ्यायचे तर एका फेऱ्याला एकच चित्र देणारा वेगळा आस वापरावा लागे. तो दांडा सकाळपासून संध्याकाळपर्यंत, दर बावीस-तेवीस मिनिटांनी, न चुकता, महिनाभर फिरवायचा. फाळके बाहेर गेले, कुणाला भेटायला गेले, तरी तो फिरलाच पाहिजे. हे एका माणसाचे काम नव्हे. ज्या घरात सरस्वतीबाई रात्री जागून भोके पाडत होत्या, त्याच घराने हा दांडा फिरवला, असे मानल्याशिवाय ही बेरीज जुळत नाही.

आणि अडचण केवळ दांड्याची नव्हती. कॅमेरा केसभरही हलता कामा नये. म्हणजे कर्ज काढून आणलेला एकुलता एक कॅमेरा महिनाभर कुंडीसमोर अडकून पडणार, दुसरे काहीही टिपता येणार नाही. रोप खिडकीशी ठेवले तर ते उजेडाकडे झुकणार, आणि कुंडी फिरवावी तर चित्राची सलगता तुटणार. ढग आला की एक चित्र काळसर, ऊन आले की पुढचे पांढरे, म्हणून पडद्यावर उजेड थरथरणार. शिवाय उजेड लागलेली फिल्म दादरच्या दमट हवेत कॅमेऱ्याच्या डबीत पडून राहणार. तिच्यावरचा जिलेटिनचा थर ओल सहन करत नाही. मधूनमधून तुकडा कापून धुऊन पाहिला तरी पूर्ण पट जमला की फसला हे महिना उलटल्यावरच कळणार. ‘हरिश्चंद्र’च्या निर्मितीतल्या हालअपेष्टा आपण कौतुकाने सांगतो. या मिनिटभराच्या पटात त्याच तोडीची चिकाटी आहे, ती फारशी कुणी सांगितलेली नाही.

काळाचाही एक गुंता आहे. काही लेखक हा पट फाळके लंडनला जाण्याआधीचा धरतात आणि नाडकर्ण्यांनी तो पाहूनच प्रवासाला पैसे दिले असे सांगतात. दुसरी हकीकत तो मे 1912 नंतरचा मानते आणि नाडकर्ण्यांच्या जोडीला नारायणराव देवहरे यांचेही नाव घेते. साधनांचा विचार केला तर दुसरीच मान्य करावी लागते. भरवशाचा कॅमेरा, कोरी फिल्म आणि भोके पाडण्याचे यंत्र हे तिन्ही लंडनहूनच आले. मात्र मग महिना मे-जूनचा येतो, आणि वाटाणा हे थंडीचे पीक. मुंबईच्या त्या उकाड्यात वाटाणा फुलावा, शेंगांनी लगडावा, तेही महिन्याभरात, हे होणे नाही. काही ठिकाणी ‘शेंगांनी भरलेला वेल’ असे वर्णन सापडते, ते म्हणूनच मला मागाहून रंगवलेले वाटते. भिजवलेल्या वाटाण्याला मोड येणे, कोंब वर येणे, फूट-दीड फुटाचा वेल काठीला धरणे, एवढे मात्र उन्हाळ्याच्या शेवटीही सहज होते. हकीकतीचे जे साधे रूप आहे, बी, कोंब, वेल, तेवढेच वनस्पतिशास्त्राच्या कसोटीला उतरते.

वाटाण्याची निवड मात्र अचूक होती. त्याची पाने टोकाशी तणावे होतात, आणि हे तणावे सतत हवेत गोल फिरत आधार शोधत असतात. आधाराला स्पर्श झाला की त्याला वेढा घालतात. ही हालचाल इतकी सावकाश असते की समोर बसून राहिले तरी डोळ्यांना कळत नाही. चार्ल्स डार्विनने म्हातारपणी मुलगा फ्रान्सिस याच्या मदतीने तिचा माग काढला होता. काचेवर ठिपके देत देत रोपांच्या टोकाचा प्रवास त्याने रेखाटला आणि 1880 मध्ये वनस्पतींच्या हालचालींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. कॅमेऱ्याने ते काम डोळ्यांदेखत करून दाखवायला सुरुवात केली लायप्झिगच्या विल्हेल्म फेफर यांनी. 1898 ते 1900 या काळात या वनस्पतिशास्त्रज्ञाने ट्यूलिपची वाढ आणि लाजाळूची मिटणारी पाने थांबत थांबत टिपली आणि वेगाने दाखवली. ते चित्रण विद्यापीठातल्या शिकवण्यासाठी होते. सामान्य प्रेक्षकांपर्यंत हा चमत्कार आणला लंडनच्या पर्सी स्मिथने. शिक्षण खात्यात कारकुनी करणाऱ्या या माणसाने निर्माता चार्ल्स अर्बन याच्यासाठी 1910 मध्ये ‘द बर्थ ऑफ अ फ्लॉवर’ हा पट केला. त्यात एकामागून एक फुले प्रेक्षकांसमोर उमलतात. फाळके लंडनला उतरले तेव्हा तो प्रसिद्ध होऊन दोन वर्षेही झाली नव्हती.

त्याच वर्षांत कोलकात्यात जगदीशचंद्र बसू वनस्पतींचा प्रतिसाद मोजणारी यंत्रे घडवत होते. रोपाची वाढ लाखो पटींनी मोठी करून दाखवणारे त्यांचे यंत्र पुढे जगभर गाजले. बसूंचे काम प्रयोगशाळेतले होते, त्यामागे सिद्धान्त होता. फाळक्यांच्या कुंडीमागे सिद्धान्त नव्हता, हे मान्यच करायला हवे. पण एका गोष्टीत दोघे जवळ येतात: स्थिर दिसणारे रोप हलते आहे, हे माणसाच्या डोळ्यांना पटवून देण्याची त्यांची धडपड. आपल्या देशात त्या दशकात ही धडपड दोन टोकांना, एकमेकांशी संबंध नसताना चालू होती, याचा मला फार आनंद वाटतो.

पट निवडक मंडळींना दाखवला गेला आणि कर्ज मिळाले. पुढचे सर्वांना ठाऊक आहे: ‘हरिश्चंद्र’साठी कामी आलेले सरस्वतीबाईंचे दागिने, दादरचा बंगला, तारामतीच्या भूमिकेत पुरुष नट साळुंखे. भांडवल मिळाले आणि वाटाणा कामी आला, असे म्हणून चरित्रकार पुढे सरकतात. मला इथेच थांबावेसे वाटते. दांडा थांबवायचा, समोरचे बदलू द्यायचे, दांडा पुन्हा फिरवायचा, हे कुंडीसमोर गिरवलेले तंत्र फाळक्यांनी नंतर कधी सोडले नाही. देव अचानक प्रकट होतो, ऋषी अंतर्धान पावतो, त्यामागे हेच तंत्र आहे. ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्या आपोआप सरकून आकार घेतात, ‘लक्ष्मीचा गालिचा’मध्ये नाणी चालतात, ती तर वाटाण्याची थेट भावंडे: एकेक चित्र, मध्ये वस्तू किंचित सरकवायची. फरक इतकाच, की वाटाण्याला सरकवायला हात लागत नव्हता. पौराणिक चित्रपटाआधीची किरकोळ उठाठेव म्हणून या पटाकडे पाहिले तर फाळक्यांचे अर्धे कसब नजरेआड होते. पुराणातल्या चमत्कारांची कार्यशाळा त्या कुंडीसमोर भरली होती.

फाळक्यांची माहितीपटाची आवडही तेवढ्यावर थांबली नाही. तळेगावचा काच कारखाना त्यांनी चित्रित केला. चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारा पट केला, त्याचा काही भाग आजही पाहायला मिळतो. त्यात खुद्द दादासाहेब कामात गढलेले दिसतात. मुख्य चित्रपटाच्या जोडीला असे छोटे पट दाखवण्याची तेव्हा पद्धत होती. लोक पौराणिकासाठी येत आणि जाताना काच कशी होते हेही पाहून जात.

मग साठ फुटांची ती पट्टी गेली कुठे? 1913 मध्ये फाळके बिऱ्हाड आणि कारखाना घेऊन नाशिकला गेले. पट्टी राखली असेल तर तीही गेली. 1918 मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली, भागीदार आले, मतभेद झाले, फाळके काशीला गेले, ‘रंगभूमी’ नाटक लिहून परतले. कंपनी बंद पडली. 1937 च्या ‘गंगावतरण’नंतर त्यांनी चित्रपट केला नाही. 16 फेब्रुवारी 1944 ला नाशिकला ते गेले तेव्हा हातात पैसा नव्हता. इतक्या उलथापालथीत डब्यांकडे कोण पाहणार? आणि ती फिल्म नायट्रेटची. ती स्वतःहून पेट घेऊ शकते, पेटली की पाण्यातही जळत राहते, आणि नाही पेटली तरी वर्षानुवर्षे चिकट होत होत शेवटी तिची भुकटी होते. जुनी रिळे चांदीसाठी विकली जात, कारण चित्र उमटते ते चांदीच्या कणांनी. भारतात तेराशेच्या वर मूकपट निघाले, त्यांतले आज बोटांवर मोजण्याइतकेच पूर्णपणे हाती आहेत. फाळक्यांच्याही आधी मुंबईत सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, केंब्रिजहून रँग्लर होऊन परतलेल्या रघुनाथराव परांजप्यांचे स्वागत 1901 मध्ये कॅमेऱ्यात टिपले होते. तेही गेले.

जे उरले ते पी. के. नायर यांच्यामुळे. पुण्यात 1964 मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षी नायर तिथे रुजू झाले. जन्माने केरळचे, पण निम्मे आयुष्य त्यांनी प्रभात रोड-लॉ कॉलेज रोडच्या परिसरात रिळांच्या संगतीत काढले. फाळके कुटुंबीयांकडून आलेल्या तुकड्यांतून ‘कालिया मर्दन’ जुळवला तो त्यांनीच. मंदाकिनी फाळके या चिमुरडीचा कृष्ण आज आपण पाहू शकतो ते त्या खटपटीमुळे. ‘हरिश्चंद्र’ची पहिली आणि शेवटची रिळेही त्यांनीच मिळवली. ती 1913 ची नसून 1917 च्या नव्या आवृत्तीची आहेत असे विरचंद धरमसी यांच्यासारख्या अभ्यासकांचे म्हणणे आहे आणि त्यांचा युक्तिवाद वजनदार आहे. 8 जानेवारी 2003 ला पुण्यातल्या नायट्रेट साठ्याला आग लागली आणि कितीतरी मूळ रिळे त्यात गेली. ज्यांच्या प्रती आधी काढल्या होत्या, ती चित्रे वाचली.

वाटाणा या साठ्यात कधी आलाच नव्हता, तेव्हा तो त्या आगीत गेला असे म्हणता येत नाही. एखाद्या जुन्या वाड्यातल्या माळ्यावर, छायाचित्रकाराच्या घराण्यात, फिरत्या तंबूवाल्याच्या ट्रंकेत असली एखादी गुंडाळी निघणे फार दुर्मीळ, पण चित्रपटांच्या इतिहासात अशा गोष्टी घडल्या आहेत. घडलीच तर ती ओळखायची कशी, हे सांगता येते. पट्टी साठेक फुटांची, मुठीत मावेल एवढी. कडेला कोडॅकची सालदर्शक खूण नसेल, कारण ती खूण कंपनी 1916 पासून घालू लागली. कडेची भोके कारखान्यातल्यासारखी एकसारखी नसतील, कारण ती दादरच्या अंधाऱ्या खोलीत घरच्या हातांनी पाडलेली. लागोपाठच्या दोन चित्रांत उजेड वेगळा दिसेल, पण कुंडीची कड मात्र दर चौकटीत एकाच जागी.

अशी पट्टी कुणाच्या हाती आली तर तिने प्रोजेक्टरचे तोंड पाहू नये. आक्रसलेली फिल्म दात्यांत फाटते. दिव्यापासून, विडीपासून लांब, थंड जागी ठेवून ती पुण्याच्या संग्रहालयात पोचवावी. तिथे पहिले काम चित्रे मोजण्याचे. तीसच्या आसपास निघाली तर ‘रोज एक’ सांगणारे खरे आणि माझा सगळा हिशेब चुकला. हजाराच्या घरात गेली तर दादरच्या त्या घरात महिनाभर दांडा कुणी कुणी फिरवला, याचा शोध नव्याने घ्यावा लागेल.